अडीच तिकिटांचा प्रवास

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून नवी वही गल्ल्यावर ठेवली, तेव्हा तेरा वर्षांची मुलगी जवळ येऊन बसली. तिच्या चुलत भावंडांची दुबईची छायाचित्रे सकाळीच मोबाइलवर येऊन गेली होती. ती दुबईबद्दल काहीच बोलली नाही. एवढेच म्हणाली, "पप्पा, आपण इमॅजिकाला कधी जाणार? तिसरीत असताना तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाला होता."

व्यापारी माणसाला दिलेला शब्द आणि थकलेले येणे या दोन गोष्टी कोणी आठवण करून दिल्या की बोचतात. पैठण रस्त्यावरचे आमचे चितेगाव हे कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणारे गाव आहे. कामगारांचा पगार झाला की दुकानाला बरकत, पगार लांबला की उधारीची वही जाड. काही वर्षांपूर्वी एक मोठा कारखाना थांबला आणि आमच्या किराणा दुकानातील कितीतरी खाती तशीच उघडी राहिली. माणसे गाव सोडून गेली, त्यांच्या नावापुढचे आकडे मागे उरले. तेव्हापासून घरातील प्रत्येक मोठा खर्च "पुढच्या वर्षी" या खात्यावर लिहिला जात होता. मुलांना त्याचे कारण मात्र आम्ही कधी सांगितले नव्हते.

आपल्या समाजातील अनेक घरांत आज हीच परिस्थिती आहे. दुकान बाहेरून भरलेले दिसते, आत भांडवल अडकलेले असते. नात्यातील कोणी परदेशी जाऊन आले की मुलांच्या डोळ्यांत प्रश्न उभा राहतो. मग एक तर आपण टाळतो, नाहीतर दुकानाच्या भांडवलात हात घालतो किंवा हप्त्यावर सहल काढून येतो. या तीनही वाटा टाळून पाच जणांची सहल कशी करता आली, त्याचा हा हिशेब. आमच्यासारख्या घरांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच लिहिण्याचा हेतू.

मर्यादा आधी, ठिकाण नंतर

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः आखायची. भोगोपभोग-परिमाण आहे. कोणती वस्तू किती वापरायची, हे आधी ठरवायचे. अनर्थदंडविरमण आहे. ज्यातून कोणाचेच प्रयोजन साधत नाही अशी हिंसा आणि उधळण टाळायची. प्रवचनात ही व्रते आपण आदराने ऐकतो. घरखर्चाच्या कागदावर ती किती कामाची आहेत, हे मला या सहलीने शिकवले.

आपण सहसा आधी ठिकाण ठरवतो, मग खर्च काढतो आणि शेवटी पैसा कोठून आणायचा याची चिंता करतो. परिमाणाची रीत याच्या उलट आहे. आम्ही पाडव्याच्या दिवशी आकडा ठरवला : 20,000 रुपये. दुकानाच्या उलाढालीतून एक रुपया घ्यायचा नाही. घरखर्चातून महिन्याला 2,500 रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. पाडव्याला पहिला हप्ता, मेअखेरीस आठवा. डब्यावर मुलाने "सहल" असे लिहिले आणि चावी आईकडे, म्हणजे मुलांच्या आजीकडे, दिली.

त्याच रात्री मुलांना समोर बसवून दुकानाची स्थिती सांगितली. कोणाकडे किती येणे आहे ही नावे सांगितली नाहीत, पण दरमहा किती येते, किती जाते आणि किती अडकले आहे, हे सांगितले. मुलगी बराच वेळ वही पाहत राहिली. मग म्हणाली, "हे आधी सांगितले असते तर मी दरवर्षी विचारले नसते." मुलांना आपण नकाराचे ओझे देतो आणि कारण स्वतःजवळ ठेवतो. कारण कळले की मुले हट्ट सोडून विचार करू लागतात.

कोठे जावे?

मनोरंजन-उद्याने नवी नाहीत. कोपनहेगनचे तिवोली 1843 मध्ये उघडले, अमेरिकेत डिस्नेलँड 1955 मध्ये. माझ्या पिढीला मात्र हा शब्द कळला तो 1989 मध्ये मुंबईजवळ गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमुळे. त्याच्या जाहिरातीचे गाणे मराठवाड्यातल्या मुलांनाही पाठ होते, जाणे मात्र फार थोड्यांना जमले. आता ते उद्यान बंद झाले आहे. खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत 2013 मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे आजच्या मुलांचे स्वप्न आहे. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने ते घेतले. तालुक्याच्या गावातून उभ्या राहिलेल्या व्यापारी घराण्याची ही मजल आपल्या वाचकांना सांगण्याजोगी आहे.

ज्यांना एका दिवसात जाऊन यायचे आहे, त्यांच्यासाठी शिर्डी जवळ आहे. चितेगावहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तेथे याच समूहाचे जल-उद्यान आहे आणि साईतीर्थ नावाचे भक्तिविषयक उद्यानही आहे. मुक्कामाचा खर्च नाही, सकाळी निघून रात्री घरी. मर्यादा याहून कमी असेल तर मी शिर्डीच सुचवीन.

आमच्या घरात मात्र शब्द खोपोलीचा दिला होता. पहिला अंदाज काढला तो असा : भाड्याची गाडी, एका रात्रीचे हॉटेल, रविवारचे तिकीट, दोन्ही वेळचे जेवण बाहेर. बेरीज 34,000. मर्यादेपेक्षा 14,000 जास्त. आता कात्री लावायची होती.

कात्री कोणावर चालते?

प्रत्येक घराने जपून वाचावी अशी गोष्ट येथे घडली. मी रेल्वेचा बेत काढला. रात्रीच्या गाडीने संभाजीनगरहून कल्याण, तेथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल, दिवसभर उद्यान, रात्रीच्या गाडीने परत. हॉटेल नाही. तरीही बेरीज मर्यादेत बसेना. तेव्हा आई सहज म्हणाली, "माझे तिकीट कशाला? मी काय पाळण्यात बसणार आहे? मी घर सांभाळते." मी तिचे नाव खोडले. बेरीज बसली. मला समाधानही वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलीने कागद पुढे ठेवला. तिने आजीच्या नावापुढे सर्व रकान्यांत शून्य लिहिले होते. "पप्पा, ही बचत तुम्ही केली की आजीने?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या घरांतील बहुतेक काटकसर अशीच होते. घरातील वडीलधारे किंवा गृहिणी हळूच म्हणतात, मी नाही आले तरी चालेल, मला नवी साडी नको, मला भूक नाही. आपण त्याला त्यांची आवड समजतो आणि बेरीज जुळल्याचा आनंद मानतो. वहीत ज्याची नोंदच होत नाही, असे हे देणे आहे. परिग्रहाचे परिमाण स्वतःसाठी असते. दुसऱ्याच्या इच्छेवर मर्यादा घालून आपला हिशेब जुळवणे म्हणजे परिमाण नव्हे. आम्ही आईचे नाव पुन्हा लिहिले आणि ठरवले की ते खोडायचे नाही. बाकी सर्व खोडता येईल.

अडीच तिकिटे

आणि गंमत अशी की, आई आल्याने प्रवासाचे गणितच बदलले. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास तिला झेपणारा नव्हता, म्हणून एसटीचा विचार केला. एसटीत 75 वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात मोफत प्रवास आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. आई 76 वर्षांची : शून्य. पत्नी आणि मुलगी : अर्धे अधिक अर्धे. आठ वर्षांचा मुलगा : अर्धे. मी एकटा पूर्ण. पाच जणांचा प्रवास अडीच तिकिटांत!

ज्येष्ठांचे आधार कार्ड जवळ ठेवावे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, हेही लक्षात असावे. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक सूचना : ज्येष्ठांची रेल्वेतील भाडेसवलत 2020 पासून बंद आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी इंधनाबरोबर पथकरही धरावा. समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो, पण वाचलेल्या वेळेची किंमत मोजावी लागते.

मुक्कामासाठी पुण्यात मावसबहिणीचे घर होते. पहिल्या दिवशी चितेगाव ते पुणे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने खोपोली आणि संध्याकाळी परत पुणे, तिसऱ्या दिवशी घर. नात्यात उतरणे म्हणजे फुकट उतरणे असे मानू नये. बहिणीच्या मुलांसाठी कपडे आणि घरासाठी पैठणची मिठाई यांचा खर्च आम्ही वेगळ्या ओळीत धरला. ज्यांचे नातेवाईक वाटेत नाहीत, त्यांनी तीर्थक्षेत्राच्या आणि मोठ्या शहरांतील जैन धर्मशाळा व भोजनशाळांची आधी फोनवर चौकशी करावी. सुट्टीत तेथेही गर्दी असते.

केव्हा जावे?

व्यापारी कुटुंबाची सुट्टी शाळेच्या सुट्टीशी जुळत नाही. दिवाळीत दुकान सोडवत नाही. अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई एप्रिल-मेमध्ये. चातुर्मास लागला की व्रते, पर्युषण आणि प्रवचने असतात, सहलीला मन घेत नाही. उरतो तो जूनचा पहिला आठवडा. लग्नसराई ओसरलेली, शाळा उघडायच्या असतात, पाऊस कोकणच्या उंबरठ्यावर असतो. आम्ही त्या आठवड्यातील मंगळवार निवडला. शनिवार-रविवारपेक्षा कामाच्या दिवशी गर्दी कमी असते, आणि अनेकदा तिकीटही स्वस्त मिळते.

या निवडीत आणखी एक लाभ होता. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्ताची वेळ महत्त्वाची. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. दिवसाचा एक तास अधिक मिळाला आणि पैसा लागला नाही. वळवाची सर आली तर उघड्यावरचे काही खेळ थांबवतात, ही जोखीम मात्र लक्षात ठेवावी.

फाटकाच्या आत

डिस्नेलँडमध्ये एके काळी प्रवेश स्वस्त असे आणि प्रत्येक खेळासाठी वेगळे कूपन घ्यावे लागे. 1982 मध्ये ती पुस्तिका बंद झाली आणि एकाच तिकिटात सर्व खेळ आले. आपल्याकडील मोठ्या उद्यानांचीही साधारण हीच पद्धत आहे. यातला व्यवहार दुकानदाराने ओळखावा. आत गेल्यावर खेळ फुकट असतात, म्हणून बाकी सर्व विकत असते : खाणे, पाणी, छायाचित्रे, खेळणी, रांग टाळणारे जादा तिकीट, सामानाची पेटी. खेळ संपवून बाहेर पडण्याची वाट अनेकदा दुकानातूनच जाते. आपणही चॉकलेटची बरणी गल्ल्याजवळ ठेवतोच की!

म्हणून काही गोष्टी घरूनच ठरवून जाव्यात. तिकीट आगाऊ आणि उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावे. दाखवलेल्या किमतीत जीएसटी धरला आहे का, ते पाहावे. जानेवारी 2018 मध्ये या उद्यानांवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, पण 18 टक्केही पाच जणांच्या तिकिटावर लहान रक्कम नाही. अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते आणि मोठ्या खेळांनाही उंचीची अट असते. मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीवर खूण करून मोजावी. फाटकाशी वाद नको आणि आत गेल्यावर रडारड नको.

मुलांना प्रत्येकी 200 रुपये हाती दिले. यात काय घ्यायचे ते तुम्ही ठरवा, परत मागायचे नाही. मुलाने अर्धा तास एका डायनासोरभोवती घिरट्या घातल्या आणि शेवटी पैसे खिशात ठेवले. "घरी गेल्यावर तो तेवढा मोठा वाटणार नाही," असे त्याचे म्हणणे. व्यापाराचा हा धडा मला शिकवता आला नसता.

ज्या खेळांची रांग मोठी असते, ते सकाळी फाटक उघडताच गाठावेत. मुलीने "नायट्रो" पहिल्या तासातच उरकला. दुपारच्या उन्हात बसून पाहण्याचे खेळ घ्यावेत. आईने "आय फॉर इंडिया" पाहिला. आकाशातून देश पाहिल्याचा भास देणारा तो खेळ आहे. तिने दुसऱ्यांदा रांगेत उभे राहायचे ठरवले, तेव्हा तिचे तिकीट वसूल झाले. आयुष्यात विमानात न बसलेल्या बाईने हिमालय वरून पाहिला होता.

आहार आणि पाणी

बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचे अन्न आणि औषधे यांना सहसा सूट असते. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारावेत. आत जैन जेवण मिळते का? उकळलेले पाणी नेता येते का? जेवणासाठी बाहेर येऊन पुन्हा आत जाता येते का? पहिला प्रश्न विचारताना "कांदा-लसूण नाही" एवढ्यावर थांबू नये. बटाटा, गाजर, बीट यांचे नाव घेऊन विचारावे. अनेक उपाहारगृहांत "जैन" म्हणजे केवळ कांदा-लसूण वर्ज्य, असा समज असतो.

आम्ही सकाळी बहिणीकडे पोटभर नाष्टा करून निघालो. दुपारी आत एकच साधे जेवण घेतले. खाकरे, मेथीच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा चिवडा असा डबा परतीसाठी बाहेर ठेवला होता. तो सूर्यास्तापूर्वी बाहेर येऊन खाल्ला. त्यासाठी शेवटचे दोन खेळ सोडावे लागले. मुलाने थोडी कुरकुर केली, पण डबा त्यानेच संपवला.

जल-उद्यानाचे जोड-तिकीट आम्ही घेतले नाही. त्यामागे पैशाचे कारण होते, तसेच दुसरेही. मराठवाड्यात आपण टँकरमागे धावणारी गावे पाहिली आहेत. आमच्यापासून जवळच पैठणला 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचा नाथसागर आहे, तरीही उन्हाळ्यात घागरी रिकाम्या असतात. अप्कायिक जीवांची जयणा पाळणाऱ्या घराला पाण्यात दिवसभर खेळण्याबद्दल प्रश्न पडावा, हे स्वाभाविक आहे. जे जातात त्यांना मी दोष देत नाही. उद्याने पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, हेही खरे. पण मुलांना प्रश्न तरी पडू द्यावा, उत्तर ती आपापले शोधतील.

अखेरचा हिशेब

आमची मर्यादा अशी वाटली होती : प्रवेश 9,000, प्रवास 4,500, आहार 2,500, भेटवस्तू 1,500, राखीव 2,500. एकूण 20,000. मुलांचे 400 रुपये राखीव रकमेतूनच दिले. प्रत्येक खर्च मुलीने वहीत जमा-नावे पद्धतीने लिहिला. घरी आल्यावर डब्यात 1,850 रुपये उरले. त्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार आम्ही मुलांना दिला. दोघांनी अर्धे जीवदयेच्या पेटीत टाकले आणि अर्ध्यांनी नव्या डब्याची सुरुवात केली.

त्या डब्यावर या वेळी आजीने नाव सुचवले : कचनेर. चिंतामणी पार्श्वनाथांचे ते अतिशय क्षेत्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याला डबा कशाला, असे मी म्हणालो. आई म्हणाली, "पुण्याची मंडळी पण येतील ना कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला. त्यांच्याकडे आपण दोन रात्री राहिलो. त्यांचे जेवण आपल्याकडे."

मला वाटले होते, हिशेब पूर्ण झाला. आईच्या वहीत एक ओळ अजून बाकी होती.

जय जिनेंद्र.